सिमेंटला २८ दिवस लागतात

वर्तकनगरमधल्या एका काकांचं गुडघ्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते, तेव्हा मला बोलावणं आलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन काम करते. ठाण्यात हेच करत बावीस वर्षं गेली. काकांचे टाके निघाले होते, जखम कोरडी होती, ताप नव्हता, एक्स-रे छान होता. गुडघा मात्र ५५ अंशांच्या पुढे वाकत नव्हता. दोन आठवड्यांनंतर तो नव्वदच्या आसपास यायला हवा. सूनबाई दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ते काही करतच नाहीत. पहिल्यापासून हट्टी आहेत. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर परत भूल देऊन वाकवावा लागेल."

काका पलंगावर पाय सरळ सोडून बसले होते. मी गुडघ्याखाली हात घातला की मांडी दगडासारखी घट्ट व्हायची. खूप दुखतंय का, विचारलं. "दुखणं सोसतो हो मी," म्हणाले. मग मी हात काढून घेतला आणि स्टूल ओढून समोर बसले. "काका, आत नेमकं काय केलंय असं तुम्हाला वाटतं? मला सांगा."

त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाटी सिमेंटने बसवलीय. डॉक्टरांनीच सांगितलं. पस्तीस वर्षं बिल्डिंग लाइनमध्ये सुपरवायझर होतो मी. स्लॅब टाकल्यावर किती दिवस पाणी मारायचं, सेंट्रिंग कधी उतरवायचं, हे मला कोणी शिकवायला नको. सिमेंटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. अजून बारा दिवस बाकी आहेत, आणि तुम्ही सगळे आत्ताच हलवायला सांगताय."

हाडाला लावतात ते सिमेंट वेगळं असतं. नावाला सिमेंट, पण मुळात ते अ‍ॅक्रिलिक. काकांच्या कवळीचा गुलाबी भाग ज्याचा असतो त्याच जातीचं. ऑपरेशनच्या टेबलावरच पाव तासाच्या आसपास ते घट्ट होतं आणि ते होईपर्यंत सर्जन थांबतात. मी हे सांगितलं. काकांनी कवळी काढून हातात घेतली, नखाने टकटक करून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे मी घरी आलो तेव्हाच ते पक्कं झालेलं होतं?" त्या दिवशी गुडघा ६२ पर्यंत गेला. एकदम काही झालं नाही, सोळा दिवसांचा ताठरपणा आत बसलेला होता. पण मांडी सैल सुटली. पाचव्या आठवड्यात ९५ झाले आणि पुन्हा भूल द्यायची वेळ आली नाही.

काका हट्टी नव्हते आणि अडाणी तर मुळीच नव्हते. आयुष्यभर कमावलेलं पक्कं ज्ञान ते आपल्या गुडघ्याला लावत होते. शब्द डॉक्टरांचा होता, अर्थ त्यांच्या धंद्यातला. सोळा दिवसांत सर्जन, निवासी डॉक्टर, नर्स, आधीचा फिजिओ, घरचे, इतक्या लोकांनी त्यांना "वाकवा" म्हणून सांगितलं. "का वाकवत नाही?" हे मनापासून एकानेही विचारलं नाही. त्यांची फाइल मी पाहिली. ईसीजी, टूडी इको, शुगर, किडनीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, फिजिशियनचा फिटनेस, इन्शुरन्सची मंजुरी, सगळं होतं. या माणसाला आपल्या दुखण्याबद्दल आणि ऑपरेशनबद्दल काय वाटतं, याचा एकही कागद नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो कागद असायला हवा. प्रत्येक मोठ्या ऑपरेशनआधी, प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये, ईसीजीच्या शेजारी.

आजाराबद्दल माणसाच्या मनात एक आराखडा असतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल यांनी १९८०च्या सुमारास मांडलं. हे नेमकं काय झालंय, कशामुळे झालं, किती दिवस राहणार, याने माझं काय काय जाणार आणि माझ्या किंवा डॉक्टरांच्या हातात त्यातलं किती आहे, या पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येक जण स्वतःशी देत असतो. ती उत्तरं बरोबर असोत वा चूक, माणूस वागतो त्यांच्यावरून, डिस्चार्ज कार्डावरून वागत नाही. काकांचं "किती दिवस" चुकलं होतं. बस्स, तेवढंच.

आपल्याकडची उत्तरं मी रोज ऐकते. भात खाल्ला की जखमेत पू होतो, म्हणून चाळीस दिवस भात बंद. सिझरच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनने कंबर जन्मभर दुखते. मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. गाठीला सुरी लागली की कॅन्सर पसरतो. या शेवटच्या समजुतीपायी तपासणीलाच नकार देणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि खारघरच्या टाटाच्या केंद्रापासून त्यांचं घर फार लांब नव्हतं. ऑपरेशनची तारीख पितृपक्षात नको, अमावास्येला नको, हे तर डॉक्टरही आता न बोलता सांभाळून घेतात. तारीख चार दिवस पुढे गेल्याने सहसा बिघडत नाही. बिघडतं ते बायपासनंतरच्या बाईंच्या बाबतीत घडतं तसं. हृदय कापून शिवलंय, असं त्या समजत होत्या. शिंक आली तर टाका तुटेल म्हणून दोन महिने खुर्चीत बसून झोपल्या. छातीचं मधलं हाड कापलेलं असतं आणि ते तारेने बांधलेलं असतं, भरून यायला साधारण दोन-तीन महिने लागतात, खोकताना उशी छातीशी धरायची असते, आणि हृदयाला चालणंच हवं असतं, हे त्यांना समजेल असं कोणी सांगितलंच नव्हतं.

हे फक्त माझ्या अनुभवातलं असतं तर लेख लिहिण्याचं धाडस केलं नसतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या ७४ रुग्णांना आपल्या हृदयाचं चित्र काढायला सांगितलं. ज्यांनी हृदयावर जास्त नुकसान रंगवलं ते तीन महिन्यांनंतरही मागे होते, कामावर उशिरा परतले. हृदयाला खरोखर किती इजा झाली हे सांगणाऱ्या ट्रोपोनिन या रक्ततपासणीपेक्षा त्या चित्रावरून पुढचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. ते संशोधन २००४चं. त्याआधी २००२ साली त्याच शहरात ६५ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात अर्ध्या रुग्णांशी मानसशास्त्रज्ञ तीनदा बोलले. त्यांच्या समजुती ऐकल्या, चुकीच्या होत्या त्या दुरुस्त केल्या, पुढचा आराखडा ठरवला. ते रुग्ण लवकर कामाला लागले आणि त्यांना छातीतल्या दुखण्याचा त्रासही कमी झाला. हे ऑपरेशनचे रुग्ण नव्हते, हे मान्य. पण जर्मनीत मारबुर्गला १२४ बायपास रुग्णांबरोबर ऑपरेशनच्या आधी असंच काम झालं. बरं झाल्यावर आयुष्य कसं असेल, काय काय करता येईल, याच्या अपेक्षांवर त्यांच्याशी प्रत्यक्ष आणि फोनवर बोललं गेलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतर हे रुग्ण रोजच्या व्यवहारात नेहमीची काळजी मिळालेल्यांच्या पुढे होते.

आणि सगळ्यांत जुनं, मला सर्वांत जवळचं वाटणारं काम १९६४चं आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण घेतले. काहींना आदल्या रात्री जाऊन समजावलं, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे सोडलं. सर्जनना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. समजावलेल्यांना गुंगीची वेदनाशामकं साधारण निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. त्यांना सांगितलं काय होतं? की दुखेल. कुठे दुखेल, का दुखेल, पोटाचे स्नायू आवळले जातात म्हणून ते वाढेल, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर वळायचं कसं.

आपण काय सांगतो? "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." "दोन दिवसांत धावायला लागाल." घोडबंदर रोडने जाताना गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या जाहिराती पाहा, हसणारे आजी-आजोबा आणि दुसऱ्याच दिवशी चालण्याचं आश्वासन. दुसऱ्या दिवशी चालतात हे खोटं नाही. वॉकर धरून, दोन माणसांच्या आधाराने, बाथरूमपर्यंत. गुडघ्याला घरातली कामं नीट करू देण्याइतपत यायला तीन महिने लागतात आणि वर्षभर तो सुधारत राहतो. हे ज्याला माहीत नाही त्याचा तिसऱ्या आठवड्यात धीर सुटतो. रात्री गुडघा ठणकतो, सूज उतरलेली नसते आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशी तर कधीच्या कचराळी तलावाला फेऱ्या मारायला लागलेल्या असतात. तो मनाशी ठरवून टाकतो की आपलं ऑपरेशन बिघडलं. एकदा हे ठरलं की प्रत्येक कळ त्याला पुरावा वाटते. तो पाय जपायला लागतो, जपलेला पाय आखडतो, आखडलेला आणखी दुखतो. धीर देण्यासाठी बोललेलं खोटं इतकं महाग पडतं. धीर द्यायचाच तर खरं सांगून द्यावा. आपली माणसं बाळंतपणं, गिरण्यांचे संप, पूर, सगळ्यातून निघालेली आहेत. "तिसरा आठवडा वाईट जाईल, मग उतरेल" एवढं वाक्य त्यांना नक्की पेलतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ होईल. "मन खंबीर ठेवा, सगळं मनावर असतं" असं म्हणणारे लोक मला माझ्या बाजूचे वाटत नाहीत. जंतुसंसर्ग मनाने होत नाही आणि मनाने जात नाही. साखर वाढलेली असेल तर जखम भरायला उशीर होतो, मग माणूस कितीही आनंदी असो. ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचं. तिथे "तुम्ही फार विचार करता" म्हणणं हा गुन्हा आहे. बरं न झालेल्या माणसाला वर आणखी "तुझीच इच्छाशक्ती कमी पडली" हे ओझं द्यायचं, यासारखा दुष्टपणा नाही. संशोधनाच्या मर्यादाही आहेत. २०१६ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने ऑपरेशनपूर्व मानसिक तयारीवरचे शंभरावर अभ्यास एकत्र तपासले. वेदना, हालचाल, मनःस्थिती, रुग्णालयातले दिवस, सगळीकडे फायद्याची शक्यता दिसली, पण पुराव्याचा दर्जा कमकुवत होता आणि परिणाम फार मोठे नव्हते. मला तेवढ्या छोट्या परिणामावरही समाधान आहे, कारण त्यासाठी लागतात वीस मिनिटं आणि ऐकणारा माणूस. आपण ज्या तपासण्यांना हजारो रुपये मोजतो त्यांतल्या कितींबद्दल एवढं म्हणता येईल?

समज चुकीची असेल तर समजावून सुटते. दुःखाचं तसं नसतं.

कळव्यात एका आजींकडे मी चार महिने जात होते. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठीक झालं. त्याच्या चार महिने आधी आजोबा गेले होते. वॉकर समोर ठेवला की त्या विचारायच्या, "चालून जायचंय कुठे?" यात कुठली चुकीची माहिती मी दुरुस्त करणार होते? त्या जेवत नव्हत्या, पहाटे तीनला जाग यायची, टीव्हीवरचा आवाज नको व्हायचा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ८१७ बायपास रुग्णांचा पाच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला गेला. ऑपरेशनच्या वेळी ज्यांचं नैराश्य मध्यम किंवा तीव्र होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. नैराश्यानेच माणूस गेला असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, सिगारेट सोडत नाही. पण रुग्ण खचलाय हे ओळखायला तर हरकत नव्हती. ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम केली गेली. थकलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, १९९५चा, पण मनावरचा भार कातडीपर्यंत पोचतो हे डोळ्यांना दिसलं.

आजींना मनोविकारतज्ज्ञांना दाखवू या, असं मी म्हटलं, तेव्हा मुलगा भडकला. "आईला काय ठाण्याला भरती करायचंय?" साऱ्या महाराष्ट्रात ही म्हण चालते, आणि आम्ही ठाण्याचेच लोक तिला घाबरतो. १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झालं, तेव्हापासून गावाचं नावच वेडाला चिकटलं. याच शहरात १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी संस्था मनाच्या आरोग्यावर उघडपणे, मराठीत बोलते आहे, म्हणजे समजणारी माणसं इथे भरपूर आहेत. तरी ऑपरेशनच्या वाटेवर हा विषय आला की घर मिटून जातं. म्हणूनच माझा आग्रह आहे की हे बोलणं सगळ्यांशी व्हावं. ज्याला गरज "दिसते" त्याला वेगळं काढून पाठवलं तर तो अपमान समजेल. ब्लड प्रेशर सगळ्यांचं बघतात, त्यामुळे पट्टा बांधताना कोणाला राग येत नाही. आजींना शेवटी उपचार मिळाले, सहा आठवडे उशिरा. आता त्या वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. जिना उतरत नाहीत. ते सहा आठवडे वाया गेले नसते तर कदाचित उतरल्या असत्या.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की आम्ही संमतीपत्र घेतो, सगळं समजावतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या निकालात स्पष्ट केलं आहे की संमती खरी तेव्हाच, जेव्हा उपचार काय, का, धोके कोणते, पर्याय कोणते हे रुग्णाला पुरेसं सांगितलेलं असतं. त्याच निकालाने हेही सांगितलं की सज्ञान रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असताना आईची सही त्याच्या संमतीच्या जागी चालत नाही. आपल्याकडे मात्र चार पानी इंग्रजी फॉर्मवर मुलगा भराभर सह्या करतो आणि रुग्ण व्हीलचेअरवर बसून बघत असतो. आणि समजा कायदा अक्षरशः पाळला, तरी तो एका बाजूने सांगण्याचा झाला. काकांना सिमेंटबद्दल सांगितलंच होतं की! गडबड सांगण्यात नव्हती, ऐकण्यात होती.

वेळ नसतो, हे मात्र खरं आहे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी जी रांग असते ती पाहिल्यावर सर्जनने प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलावं असं मी म्हणूच शकत नाही. म्हणायचंही नाही. हे काम अनुभवी सिस्टर करू शकतात, फिजिओ करू शकतात, समुपदेशक तर हवेच आहेत. ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या दिवशी, रुग्णाच्या भाषेत, नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवून. तुम्हाला काय झालंय असं वाटतं, आत काय करणार आहेत, घरी गेल्यावर काय होईल, सगळ्यांत जास्त भीती कशाची. उत्तरं रुग्णाच्याच शब्दांत लिहायची आणि तो कागद भूलतज्ज्ञांपासून फिजिओपर्यंत सगळ्यांनी वाचायचा. घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक फोन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, कागदपत्रं बघतो. तशीच एक खुर्ची या कामाची का नसावी? योजनेच्या पॅकेजमध्ये आणि मेडिक्लेममध्ये या वीस मिनिटांना दर ठरला पाहिजे, कारण ज्याला दर नाही ते काम रुग्णालयात होत नाही, हे मी पुरतं शिकले आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, तेव्हाही हे कसं शक्य आहे असंच विचारलं गेलं होतं.

महापालिकेने आपल्या रुग्णालयापासून सुरुवात करावी. सहा महिने, एकच वॉर्ड, हाडांचा. किती गुडघे वेळेत वाकले ते मोजावं आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत.

तोवर मी माझ्यापुरतं करते आहे. येत्या मंगळवारी कोपरीतल्या एका वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. परवा त्यांच्याकडे जाऊन आले. गुडघ्याबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, यूट्यूबवर पाहिलेलं. सर्वांत जास्त भीती कशाची, विचारलं, तर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "भूल उतरली की डोळे उघडल्यावर पहिलं कोण दिसेल?" अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या आईला टेबलावरून परत आणलं नव्हतं. घरात कोणाला हे सुचलंही नव्हतं. मी रुग्णालयात फोन लावला, त्यांच्या मुलीला रिकव्हरीत पाच मिनिटं उभं राहू द्याल का म्हणून. सिस्टर म्हणाल्या, असा नियम नाही, पण मंगळवारी माझीच ड्यूटी आहे, बघते.